दोन तळव्यांनी लागणारं दार

आमच्या सुरतच्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक काढणाऱ्या शिक्षिकाबाईंनी मला दोन अटी घातल्या. जन्मापासून सुरुवात करायची नाही आणि इंजिनाबद्दल फार लिहायचं नाही. पहिली अट मी लगेच मान्य केली. दुसरी ऐकून हसू आलं, कारण उभ्या आयुष्यात मी इंजिनाला हात लावलेला नाही. पर्वत पाटियाच्या एका गॅरेजमध्ये मी चोवीस वर्षं फक्त मोटारींच्या दारांच्या काचा नीट केल्या. इंजिनवाले मिस्त्री मला 'काचवाला' म्हणायचे आणि ते काही कौतुकाने म्हणत नसत. पण भर पावसात काच अर्ध्यावर अडकली की शेठ लोक इंजिनाला विसरून माझ्याकडेच धावत यायचे, हे त्या मिस्त्र्यांनाही ठाऊक होतं.

बाहेरच्या माणसाला एवढंच माहीत असतं की हँडल फिरवलं की काच वर जाते. दाराचं आतलं अस्तर काढलं की कात्रीसारखे दोन लोखंडी हात दिसतात. त्याला आम्ही मशीन म्हणतो. ते काचेला खालून उचलतं, काच दोन्ही बाजूंच्या मखमली फेल्टमधून सरकत वर जाते आणि रबराला जाऊन टेकते. काचेच्या खोडी तीन. वर कमी-जास्त जाणं, पुढेमागे कलणं आणि आतबाहेर झुकणं. एक खोड काढायला जावं तर दुसरी डोकं वर काढते. आमचं माप म्हणजे सूत, इंचाचा आठवा भाग, आणि खरं काम असतं अर्ध्या सुताच्या आतलं.

काच नीट टेकली की नाही ते बघायला मी साडीच्या घडीत घालतात तो पातळ कागद वापरायचो. कागदाची पट्टी काच आणि रबराच्या मध्ये धरायची, दार लावायचं आणि पट्टी ओढायची. सहज निघाली तर फट आहे. फाटली तर काच जास्त दाबतेय. कुरकुरत निघाली तर काम झालं. सुरतेत असा कागद फुकट मिळतो, म्हणून माझं हे हत्यार कधी संपलं नाही.

दाराच्या पोटात काय काय सापडतं ते सांगायला बसलो तर अंक भरेल. केसांचे आकडे, कंगवे, बसची तिकिटं, गोट्या. इच्छापोरच्या एका ठेकेदाराच्या गाडीत मला सोन्याची कुडी सापडली. ती हरवली म्हणून त्यांनी घरातल्या कामवाल्या बाईला वर्षभरापूर्वी काढून टाकलं होतं. कुडी हातात ठेवल्यावर ठेकेदार हसला आणि मला बक्षीस द्यायला लागला. मी म्हटलं, बक्षीस नको, त्या बाईकडे जाऊन या. तो गेला की नाही ते मला कधी कळलं नाही आणि ते अजून सलतं.

पण मला सांगायची आहे ती केकी डॉक्टरांच्या गाडीची गोष्ट.

नव्वदच्या दशकाचा मध्य होता. रस्त्यावर छोट्या नव्या गाड्यांची गर्दी झाली होती आणि जुन्या गाड्या भंगारात जात होत्या. अशात एके सकाळी गॅरेजच्या दारात एक अमेरिकन गाडी येऊन थांबली. वरून सायीच्या रंगाची, खाली मोरपंखी, लांबी आमच्या चाळीतल्या दोन खोल्यांएवढी. तिला चार दारं होती, पण काचांभोवती चौकट नव्हती आणि दोन दारांच्या मध्ये वरपर्यंत जाणारा खांबही नव्हता. पुढची काच आणि मागची काच वर गेल्या की थेट एकमेकींना भिडायच्या. दिसायला असं देखणं दुसरं काही नाही आणि काचवाल्याचा जीव घ्यायलाही नाही.

गाडीतून उतरले ते केकी डॉक्टर, नानपुऱ्यातले दातांचे जुने पारशी डॉक्टर. दवाखाना मुलाच्या हाती देऊन मोकळे झालेले. त्यांनी आमचे मालक जयंतीभाई यांना अडचण सांगितली. गाडी वेगात गेली की काचेतून शिटी वाजते. त्यांच्या पत्नी मेहेरबाई मुलांना पियानो शिकवायच्या आणि त्यांचे कान फार तिखट होते. ती शिटी म्हणे दोन सुरांच्या मधली होती, धड इकडची नाही, धड तिकडची नाही. बाईंनी तीन वर्षांपासून गाडीत पाय ठेवला नव्हता. पुढच्या सोमवारी त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं होत होती आणि रविवारी तिला याच गाडीतून उदवाड्याच्या अग्यारीला न्यायची, असं डॉक्टरांनी मनाशी धरलं होतं. तेवढ्यात काम झालं नाही तर मुंबईचा एक दलाल त्याच रविवारी येणार होता. तो जुन्या गाड्या सिनेमावाल्यांना भाड्याने द्यायचा. मेहेर बसत नसेल तर ही गाडी ठेवून मी करू काय, असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी गाडीच्या छतावरून हात फिरवला.

मी तपासलं तर रबर दगड झालेलं, फेल्ट उंदरांनी खाल्लेलं, काचा खाली लोंबलेल्या. दोन दिवसांत सगळं नवं केलं. चारही काचांवर कागदाची पट्टी कुरकुरत निघाली. मग मी स्वतः गाडी घेऊन कडोदऱ्याला हायवेला लागलो आणि कामरेजपर्यंत दामटून आलो. गाडीत अगदी शांत होतं. मी छाती पुढे काढून गाडी डॉक्टरांच्या हवाली केली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर परत. मेहेरबाईंना बसवून त्यांनी एक फेरी मारली होती; बाई म्हणतात शिटी अजून आहे, जरा बारीक झालीय इतकंच. मला आश्चर्य वाटलं. मी बाई बसायच्या त्या बाजूच्या पुढच्या दाराला अधिक जाड रबर लावलं. पुन्हा कामरेज, पुन्हा शांत. दुसऱ्या दिवशी डॉक्टर पुन्हा दारात, आणि आता शिटी पहिल्यापेक्षा मोठी झाली होती. डॉक्टरांना स्वतःला ती फारशी ऐकू यायची नाही. आयुष्यभर दात कोरायचं मशीन कानाशी घेऊन बसलेला माणूस, त्यांनाही तिचा अर्धामुर्धाच पत्ता होता.

जयंतीभाईंनी मला बाजूला घेतलं. ते म्हणाले, "सुकाभाई, काच उपर चढावीने चोंटाडी दो." काच वर चढवायची आणि कायमची चिकटवून टाकायची. वर हेही म्हणाले की इलाज काचेचा नाही, बाईंच्या कानांचा करायला हवा. मला ते काच चिकटवणं पटलं नाही, पण कानांचं मनातून पटलं होतं हे कबूल करतो. श्रीमंतांच्या बायकांचे चोचले, असं मी घरी जाऊन बोललोसुद्धा.

घरी माझी कशी जिरली तेही सांगतो. माझ्या मुलीला शाळेत बक्षीस म्हणून आकड्यांचं घड्याळ मिळालं होतं. पहाटे अभ्यासाला उठायला ती त्याचा गजर लावायची. त्या दिवशी मी सहज म्हटलं की हे घड्याळ बिघडलंय, एवढ्या दिवसांत एकदाही वाजलं नाही. बायको भाकरी थापता थापता थांबली. "आख्खी चाळ उठी जास," ती म्हणाली, "तुमलेच ऐकू येत नही."

मी ते घड्याळ कानाला लावलं आणि मुलीला गजर वाजवायला सांगितला. तिचं बोट बटणावर होतं, बायकोने मान डोलावली, आणि मला काहीही ऐकू आलं नाही.

गॅरेजमध्ये येण्याआधी मी आठ वर्षं लूमच्या खात्यात होतो. खातं म्हणजे यंत्रमागांची शेड. धुळ्याकडून आलेला प्रत्येक पोरगा आधी तिथेच जायचा. एका छताखाली साठ माग खडखडत असायचे, माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलायची. त्या आठ वर्षांनी माझ्या कानांतले बारीक आवाज कधी चोरून नेले ते मला कळलंच नव्हतं. बोलणं ऐकू यायचं, हॉर्न ऐकू यायचा, म्हणून मी स्वतःला धडधाकट समजत होतो. आणि असा माणूस दोनदा कामरेजला जाऊन शिटी नाही असं छातीठोक सांगून आला होता. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बाईंना चोचलेवाली म्हटलं होतं त्याची लाज वाटत होती, आणि भीतीही वाटत होती. काचवाल्याला शिटी ऐकू येत नाही हे गॅरेजमध्ये कळलं असतं तर माझी धडगत नव्हती.

पण खात्याने कान घेतले तसं काहीतरी दिलंही होतं. मागावर ताण्याचा एक उभा धागा ढिला पडला तर तो आवाजाने कळत नाही, डोळ्याने कळतो. हजारो धाग्यांतला एक थरथरला की माझी नजर आपोआप तिकडे जायची. गुरुवारी सकाळी मी एका जुन्या ओळखीच्याकडून पॉलिस्टरच्या धाग्याची कांडी आणली. बोटभर लांबीचे तुकडे केले आणि चारही काचांच्या कडेकडेने आतून चिकटपट्टीने लावले. गाडी आतून झालर लावल्यासारखी दिसायला लागली. मग डॉक्टरांना निरोप धाडला की बाईंना घेऊन या.

मेहेरबाई आल्या. ठेंगण्या, पांढरे केस, हातात रेक्झिनची पर्स. धागे बघून त्यांनी भुवया उंचावल्या पण विचारलं काही नाही. डॉक्टरांनी त्यांच्यासाठी दार उघडलं, त्या बसल्या, डॉक्टरांनी दार लावलं आणि ते चालवायला बसले. मी मागच्या सीटवर, नजर धाग्यांवर.

हायवेला वेग वाढला. एका क्षणी बाईंच्या दाराच्या काचेचा मागचा कोपरा, जिथे ती मागच्या काचेला भिडते, तिथले तीन धागे नाचायला लागले. त्याच क्षणी मेहेरबाई शांतपणे म्हणाल्या, "सीटी वागे छे."

शिटी वाजत होती. बाई अगदी खरं सांगत होत्या, पहिल्या दिवसापासून. मी डॉक्टरांना गाडी कडेला घ्यायला लावली, उतरलो, बाईंचं दार उघडून काच चाचपली. काही सापडेना. दार लावून पुन्हा मागे बसलो. गाडी सुटली, वेग आला, आणि धागे मेल्यासारखे लोंबत राहिले. मेहेरबाईंनी मान वळवली. शिटी बंद झाली होती. काय केलं, असं त्यांनी विचारलं आणि मी प्रामाणिकपणे सांगितलं की काहीच नाही.

कामरेजला उसाचा रस प्यायला थांबलो. तिथे मला राहवलं नाही आणि मी त्या दोघांना माझ्या कानांचं सगळं सांगून टाकलं. घड्याळाचं, खात्याचं, दोन वेळा खोटी छाती काढल्याचं. मला वाटलं डॉक्टर गाडी घेऊन निघून जातील. मेहेरबाईंनी ग्लास खाली ठेवला आणि म्हणाल्या की मग वाटणी करू, ऐकायचं काम माझं, बघायचं तुमचं. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाने मला असं बरोबरीने घेतलेलं दुसरं आठवत नाही.

निघताना डॉक्टरांनी पुन्हा दार उघडलं, बाई बसल्या, दार लागलं. आणि परतीच्या वाटेवर शिटी पुन्हा सुरू. धागे पुन्हा नाचायला लागले.

आता मात्र माझं डोकं चाललं. शिटी नसायची तेव्हा दार मी लावलेलं असायचं. असायची तेव्हा डॉक्टरांनी. मी गाडी थांबवायला लावली आणि डॉक्टरांना म्हटलं, एकदा बाईंचं दार उघडून लावून दाखवा. त्यांनी दार उघडलं, मग दोन्ही हातांचे तळवे दाराच्या पत्र्यावर सपाट ठेवले आणि चिनी मातीची भांडी ठेवलेलं कपाट लावावं तसं ते हलकेच दाबलं. मी वाकून कडेने पाहिलं. दार जवळजवळ एक सूत बाहेर होतं.

जुन्या गाड्यांच्या दाराचं लॉक दोन टप्प्यांत लागतं. पहिल्या टप्प्यात दार अडकतं, उघडत नाही, पण पूर्ण बसत नाही. दुसऱ्यात पक्कं बसतं. आम्ही गॅरेजवाले दार आपटून लावतो, ते थेट दुसऱ्या टप्प्यात जातं. डॉक्टरांच्या तळव्यांनी ते पहिल्यावरच राहायचं. आणि मी शहाण्याने काय केलं होतं, तर शिटी बंद करायला जाड रबर लावलं होतं. रबर जितकं जाड, तितकं ते दाराला बाहेर ढकलणार आणि फट तितकी मोठी. रोग्याला मीच रोग पाजत होतो.

मी सुटल्यासारखं हसलो. डॉक्टरांना म्हटलं, काही बिघडलेलं नाही, फक्त दार जरा आपटून लावत जा.

डॉक्टर हसले नाहीत. ते दाराशीच उभे होते. "आटला वरस थया," ते म्हणाले, "मेहेरनो दरवाजो में कोई दिवस पछाड्यो नथी."

आतून मेहेरबाई म्हणाल्या, "घरना बधा दरवाजा पछाडे छे. आ एक नहीं."

घरातली सगळी दारं ते आपटत, बाईंचं हे एक एवढ्या वर्षांत कधीच नाही. सोपा रस्ता समोर होता आणि तो माझ्यासाठी बंद झाला. दार आपटलं तर शिटी नाही, आणि आपटायचं नाही. म्हणजे दारच असं करायला हवं होतं की ते दोन म्हाताऱ्या तळव्यांनी पूर्ण लागेल. गाडी रविवारी दलालाच्या हाती जाणार की उदवाड्याला, ते आता माझ्यावर होतं, आणि मधे फक्त शुक्रवार-शनिवार होते.

मी जाड रबर उपटून फेकलं. फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडून आतून पोकळ, बोटाने दबणारं मऊ रबर आणलं. दोन दारांच्या मधल्या अर्ध्या खांबावरचा आकडा, ज्यात दाराची जीभ अडकते, तो किंचित बाहेर घेतला, म्हणजे दार कमी जोरात दुसऱ्या टप्प्यावर जाईल. पण तसं केलं की दार थोडं बाहेर राहतं आणि काच रबरापासून लांब जाते. म्हणून काचेचा माथा आत झुकवायचा. तो झुकवला की ती मागच्या काचेला नीट भिडेना, म्हणून मागची काच हलवायची. असं हे चक्र दोन दिवस चाललं. दाराला चिंधी बांधून ठेवली आणि गॅरेजमधल्या सगळ्यांना दम दिला की या दाराला कोणी हात लावायचा नाही. दार लावायचं ते फक्त डॉक्टरांनी.

डॉक्टर दोन्ही दिवस स्टुलावर बसून होते. मी हाक मारली की उठायचे, तळवे ठेवायचे, दाबायचे. माझा साडीचा कागद बघून त्यांना गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी ते खिशातून निळ्या कागदाच्या बारीक पट्ट्या घेऊन आले. दाताची टोपी बसवल्यावर पेशंटला त्या चावायला देतात, जिथे दात जास्त टेकतो तिथे निळा डाग उमटतो. आम्ही ती पट्टी काच आणि रबराच्या मध्ये धरली. दार लागलं, उघडलं, आणि रबरावर निळी रेघ दिसली, दोन ठिकाणी तुटलेली. माझ्या कागदाने ते कधीच दाखवलं नसतं. मग एक माणूस दातांचा आणि एक काचांचा, असे आम्ही दोघे त्या दाराला वाकून बसलो. जयंतीभाई जाता येता कपाळावर हात मारत होते. शनिवारी संध्याकाळी निळी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग उमटली. डॉक्टरांनी तळवे ठेवले आणि दारातून दोन टप्प्यांचे दोन आवाज आले, एकामागोमाग एक. हे आवाज मलाही ऐकू आले.

रविवारी सकाळी मी नानपुऱ्यात हजर. दलाल अजून यायचा होता. आम्ही तिघं कामरेजला निघालो, मी मागे, धागे अजून जागेवर. डॉक्टरांनी गाडी इतकी पळवली की मीच दाराला धरून बसलो. धागे हलले नाहीत. मी धाग्यांकडे बघत होतो, डॉक्टर आरशातून माझ्याकडे, आणि मेहेरबाई डोळे मिटून बसल्या होत्या. कामरेज आलं, गेलं. मग बाईंनी डोळे उघडले आणि गुडघ्यावर बोटांनी काहीतरी वाजवायला लागल्या. डॉक्टरांनी वेग कमी केला आणि त्या बोटांकडे पाहिलं. मला वाटतं तीन वर्षांत त्यांनी ते पाहिलं नव्हतं. मला रडू आवरेना, आणि ते लपवायला मी उगीच चिकटपट्ट्या काढत बसलो.

परत आलो तर फाटकाशी दलाल उभा. सफारी सूट, हातात चामड्याची बॅग. गाडी बघून त्याचे डोळे चमकले. डॉक्टरांनी इंजिन बंदसुद्धा केलं नाही. दलाल सरळ मेहेरबाईंच्या बाजूला आला, त्यांनी खाली घेतलेल्या काचेवर हात ठेवला आणि गाडीचं मोल सांगायला लागला. बोलता बोलता वाढवतही होता. बाईंनी त्याचं म्हणणं थोडा वेळ ऐकून घेतलं. मग त्याला खुणेने हात बाजूला घ्यायला सांगितलं आणि हँडल फिरवायला सुरुवात केली. काच सावकाश वर आली, मागच्या काचेला भिडली, रबरात बसली. बाहेर त्याचे ओठ हलत होते, हात हलत होते. मी सवयीने त्याच्या ओठांकडे बघत राहिलो.

मेहेरबाईंनी मागे वळून मला विचारलं, "शुं कहे छे ए?"

ओठांवरून आकडा मला कळला होता. तरी म्हटलं, "मला कुठे ऐकू येतं, बाई."

"मने पण नहीं," त्या म्हणाल्या, आणि डॉक्टरांनी गाडी उदवाड्याच्या रस्त्याला वळवली.